ट्यूबला दोन चिरा का पडतात : माउंटन बाइकच्या पिंच पंक्चरविषयी

सोलापुरात सायकल पंक्चर झाली की दोष काट्याला देण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. गाव सुटताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ सुरू होते, पावसाळा सरला की माळावर सराटे पसरतात आणि तूर काढून झाल्यावर शेतात उरलेली धसकटे तर ट्रॅक्टरच्या टायरालाही सोडत नाहीत. त्यामुळे माउंटन बाइक घेऊन हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा तुळजापूरच्या घाटाकडे गेलेल्या माणसाचे मागचे चाक बसले, की पंक्चर काढणारा ट्यूब बाहेर काढण्याआधीच निदान सांगून मोकळा होतो : “काटाच असणार, मालक.” मात्र ती ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवल्यावर कधीकधी बुडबुड्यांच्या दोन रांगा अगदी शेजारीशेजारी वर येतात. ट्यूब पुसून, ताणून पाहिली तर बारीक गोल भोक दिसत नाही. एकमेकींना जवळजवळ समांतर अशा दोन चिरा दिसतात, आणि त्याही ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला नव्हे, तर रिमकडच्या बाजूला. टायरमध्ये कितीही वेळा बोटे फिरवली तरी काटा सापडत नाही, कारण काटा नव्हताच.

या प्रकाराला सायकलवाले पिंच पंक्चर म्हणतात. दोन चिरांच्या खुणेमुळे स्नेक बाइट हे नावही रूढ आहे. हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण काट्यावरचे उपाय या दुखण्यावर जवळपास निरुपयोगी ठरतात. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालणे, काटारोधक प्लास्टिकची पट्टी बसवणे, ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, सोडणे, हे सगळे बाहेरून आत शिरणाऱ्या टोकदार वस्तूसाठी असते. पिंच पंक्चरमध्ये बाहेरून आत काहीच शिरत नाही. चीर लांबट आणि ताणली की उघडणारी असल्यामुळे सीलंट तिथे टिकत नाही, आणि प्लास्टिकची पट्टी नीट बसलेली नसेल तर तिचीच कड ट्यूबला घासून तिसरे भोक पाडते. पट्टी घालूनही पंक्चर होतच राहते आणि माणूस टायर बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो, तेव्हा बहुधा रोग एक आणि औषध दुसरे असे झालेले असते.

नेमके काय घडते ते पाहू. वेगात असलेले चाक एखाद्या दगडाच्या धारेवर आदळले की टायर त्या जागी आत चेपला जातो. चेपायला जागा उरली नाही, म्हणजे टायरची बाहेरची बाजू थेट रिमच्या कडांपर्यंत जाऊन टेकली, की मधली ट्यूब दगड आणि रिमची कड यांच्यात अडकित्त्यातल्या सुपारीप्रमाणे सापडते. रिमला दोन कडा असल्यामुळे चिरा दोन पडतात. आघात तिरका असला तर एकच कड टेकते आणि चीरही एकच पडते, त्यामुळे एकच चीर दिसली म्हणून पिंच पंक्चर नव्हे असे समजू नये. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडून जाते. स्वाराला ‘ठक्क’ असा धातूचा आवाज ऐकू येतो, हँडलला किंवा सीटखाली हादरा जाणवतो, आणि पुढच्या वळणाला पोहोचेपर्यंत हवा संपलेली असते. काट्याचे पंक्चर मात्र रात्रभर हळूहळू हवा सोडत राहू शकते. आवाज आला आणि लागलीच चाक बसले, तर ट्यूब न काढताही निदान जवळपास निश्चित होते.

हवा टायरला सावरते म्हणजे काय करते, हे एकदा समजले की पुढचे उपाय आपोआप उलगडत जातात. चाकावरचे वजन पेलले जाते ते हवेचा दाब गुणिले टायरचे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ, या हिशेबाने. हा दाब पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड असा मोजतात; ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. ७० किलोचा माणूस आणि १४ किलोची सायकल धरली, तर एकूण ८४ किलोंपैकी साधारण ५० किलो मागच्या चाकावर येतात. म्हणजे मागच्या टायरचा सुमारे २४ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकलेला राहतो. हवा २० पीएसआयवर आणली की तोच भाग ३६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि हवा कमी केल्यावर मुरमावर पकड वाढते ती यामुळेच. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतात, पण हिशेब समजायला एवढे पुरे आहे.

खरी मेख पुढे आहे. टायर एका जागी चेपला तरी आतल्या हवेचा दाब फारसा वाढत नाही, कारण संपूर्ण टायरच्या पोकळीच्या मानाने तेवढ्या चेपण्याने कमी झालेली जागा अगदीच थोडी असते. मग आघाताला अडवणारा जोर वाढायचा, तर टेकलेले क्षेत्रफळच वाढावे लागते. सपाट जमिनीवर टायर जरासा चेपला तरी हे क्षेत्रफळ झपाट्याने वाढते. दगडाच्या अरुंद धारेवर मात्र ते वाढायला वाव नसतो, म्हणून तेवढाच जोर निर्माण होण्यासाठी टायरला कितीतरी खोल दबावे लागते, आणि २.१ इंची टायरमध्ये रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर खोली असते. ती संपली की रिमच.

यावरून लक्षात येईल की दगड टोकदार असण्याची गरज नाही. कड असली की पुरे. सोलापूरच्या आसपासचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, फुटतो तोच कोनाकोनांनी, आणि पाणंदीतली माती पावसाने वाहून गेली की त्याचे कोपरे वर डोकावू लागतात. काळ्या मातीत पावसाळ्यात उमटलेली ट्रॅक्टरची चाकोरी मार्चपर्यंत इतकी वाळून कडक होते, की तिच्या काठावर चाक आडवे घातले तर दगडाइतकाच फटका बसतो. शहरात तर विचारायलाच नको. सिमेंट रस्त्याची साइडपट्टीपासून वर राहिलेली कड, गटाराच्या झाकणाची चौकट, दुभाजकाचा दगड, यांतले काहीही पुरते. त्यात वेगाचा वाटा बहुतेकांना वाटतो त्याहून मोठा असतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी १५ किलोमीटरवरून २० वर गेलेला स्वार दगडावर जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जेने आदळतो. चढताना पिंच पंक्चर क्वचितच होते आणि त्याच वाटेने उतरताना हमखास होते, याचे कारण दुसरे काही नाही.

सर्वांत आधी हात घालायचा तो हवेच्या दाबाला, आणि त्यासाठी तो मोजता आला पाहिजे. अंगठ्याने टायर दाबून पाहणे ही पद्धत शहरातल्या साध्या सायकलीला चालून जाते, कारण तिथे चार-पाच पीएसआय इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. माउंटन बाइकच्या जाड टायरमध्ये मात्र २५ आणि ३२ यांतला फरक अंगठ्याला धड कळत नाही. टायरचा कडक दोराच हाताला जाणवतो आणि हवा पुरेशी असल्याचा भास होतो. पेट्रोल पंपावरचे यंत्र मोटारींच्या आणि ट्रकच्या दाबासाठी लावलेले असते. त्यावर सायकलीची हवा भरता येते, पण थोडीथोडी भरत, आणि नंतर स्वतःच्या मापकाने तपासूनच. उभ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असेल, तर ३० च्या आसपास त्याच्यावर फारसा भरवसा ठेवू नये. ६० पीएसआयपर्यंतच दाखवणारा हातात मावणारा मापक वेगळा घ्यावा. महागड्या टायरपेक्षा आधी त्याच्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग भरायची किती? टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. त्या मर्यादा पाळाव्यात, पण त्यांच्यामधला आकडा प्रत्येकाला स्वतःच शोधावा लागतो. ७० किलोच्या आसपासचा स्वार, ट्यूब घातलेला २.१ ते २.२५ इंची टायर आणि आपल्याकडची दगडमुरमाची वाट असेल, तर पुढे २८ आणि मागे ३२ ही सुरुवात ठीक आहे. टायर १.९५ इंची असेल, जसा आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त माउंटन बाइकना असतो, तर दोन्हीकडे पाच-सहा पीएसआय जास्त लागतात, कारण टायरची खोलीच कमी असते. मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून हवा जास्त. स्वाराचे वजन वाढले तर साधारण पाच किलोमागे एक पीएसआय वाढवावा, आणि या हिशेबात पाठीवरचे पाणीही धरावे. उन्हाळ्यात दिवसभरासाठी निघालेला माणूस तीन-चार लिटर पाणी बरोबर घेतो, पण ते तीन-चार किलो सायकलला वाहावे लागतात हे हवा भरताना आठवत नाही. यानंतर एका ओळखीच्या, दोन-चार वाईट दगड असलेल्या वाटेवर त्याच वेगाने फेऱ्या माराव्यात आणि दर वेळी एकेक पीएसआय कमी करत जावे. ज्या दाबाला एखाद्या दगडावर रिम टेकल्याचा हलका ‘ठक्’ ऐकू येतो, त्याच्यावर दोन-तीन पीएसआय वाढवून थांबावे आणि तो आकडा लिहून ठेवावा. टायर बदलला, रिम बदलली किंवा वजन बदलले की तो आकडा जुना झाला.

सोलापूरच्या हवामानाने या आकड्यात एक वेगळीच खोट येते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. समजा, मार्चमधल्या दुपारी सायकल उन्हात उभी आहे, टायर ५० अंशांपर्यंत तापला आहे आणि आपण मापक लावून नेमके ३० पीएसआय भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे २० अंशांत निघालो, तर एक थेंबभरही हवा गळालेली नसताना मापक २६ च्या आसपास दाखवेल. हिशेब सरळ आहे : दाब मोजताना बाहेरच्या हवेचे सुमारे १४ पीएसआय त्यात मिळवायचे, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे, आणि ४४ ला २९३ भागिले ३२३ ने गुणायचे, ४० येतात, त्यातून १४ वजा केले की २६. म्हणजे चार पीएसआयचा फरक, आणि वर सांगितलेल्या पद्धतीने काढलेल्या आकड्यात आपण राखलेली सगळी सवलत तिथेच संपली. त्यात पुन्हा पहाटेची वेळ, अंगात उत्साह, वाट अर्धवट अंधारी, त्यामुळे दगड दिसतोही उशिरा. म्हणून हवा निघण्याच्या वेळी, सावलीतल्या टायरमध्ये तपासावी. पहाटे भरलेली हवा दुपारी तीन-चार पीएसआयने वाढेल, त्याने टायर थोडा उड्या मारेल, पण फुटण्याची भीती या दाबाला मुळीच नसते. शिवाय ब्यूटाइल रबराच्या साध्या ट्यूबमधूनही हवा सावकाश झिरपतच असते, त्यामुळे आठवडाभर उभ्या असलेल्या सायकलीवर तशीच टांग टाकू नये.

दाबाबद्दल इतके सांगितल्यावर कुणी म्हणेल की मग पन्नास भरून मोकळे व्हावे. दुकानात बहुधा हाच सल्ला मिळतो : हवा टाईट ठेवा. पिंच पंक्चर त्याने थांबते हे खरे, पण कडक जमिनीवर पसरलेल्या सुट्या मुरमावर असा टायर पकडच घेत नाही; वळणावर पुढचे चाक सरकते, चढावर मागचे नुसते फिरते, आणि प्रत्येक खड्याचा हादरा मनगटापर्यंत येतो. पंक्चर वाचवण्यासाठी माणूस पाडणे हा काही सौदा नव्हे. दाब वाढवणे हा उपायाचा एक भाग आहे. उरलेला भाग टायर, ट्यूब आणि स्वार यांनी उचलायचा असतो.

टायरच्या बाबतीत रुंदी ही पहिली गोष्ट. फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात, जागा असेल तर १.९५ ऐवजी २.२५ इंची टायर घालावा. खोली वाढते, आणि त्याच दाबाला जास्त आघात पचतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाजूची भिंत. डाउनहिलसाठी, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने उतरण्यासाठी, बनवलेल्या टायरमध्ये कापडाचा थर दुहेरी असतो, तो चेपायलाच जास्त जोर लागतो, पण वजन आणि चढावरची दमछाक दोन्ही वाढतात. घाट चढून जाणाऱ्याने असा टायर घ्यायचा झाला तर फक्त मागे घ्यावा.

ट्यूबच्या बाबतीत लोक जाडीकडे पाहतात आणि मापाकडे दुर्लक्ष करतात. दुकानात २६ बाय १.७५ ची ट्यूब असली की तीच २.२५ च्या टायरात बसवून दिली जाते. हवा भरल्यावर ती ताणून पातळ होते, आणि ताणलेले रबर चिमटीत सापडले की लवकर चिरते. ट्यूबवर छापलेल्या रुंदीच्या पट्ट्यात आपल्या टायरची रुंदी बसते की नाही, हे घेतानाच पाहावे. जाड ट्यूब थोडा फायदा देते, पण तिच्या भरवशावर हवा कमी करू नये. टायरच्या आत आणि ट्यूबवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरली तर ट्यूब टायरला चिकटून ओढली जात नाही. हा जुना उपाय स्वस्त आहे आणि निदान अपाय तरी करत नाही.

आता स्वाराकडे येऊ. पिंच पंक्चर मागच्या चाकाचे जास्त होते, आणि केवळ वजनामुळे नव्हे. दगड दिसला की पुढचे चाक उचलायचे हे लवकर अंगवळणी पडते, पण पुढचे चाक पलीकडे गेल्यावर माणूस सीटवर पुन्हा आदळून बसतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मागचे चाक दगडावर येते. खडबडीत भागात शिरण्याआधीच सीटवरून उठावे, पॅडल आडवे समपातळीत ठेवावेत, गुडघे आणि कोपरे सैल वाकवलेले असावेत. पुढचे चाक दगडावर चढले की शरीराचा भार किंचित पुढे न्यावा आणि गुडघे वर घेऊन सायकलला खालून वर येऊ द्यावे, म्हणजे मागचे चाक दगडावर आदळत नाही, त्याच्यावरून लोळत जाते. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीला सस्पेन्शन म्हणजे स्वाराचे पायच. ब्रेक दगडाच्या आधी लावावा आणि दगडावर सोडावा. दगडावर चाक असताना पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर सगळे वजन पुढे येते, चाक मोकळेपणाने चढू शकत नाही आणि टायर धारेवर जास्तच चेपतो. कड शक्यतो काटकोनात ओलांडावी. तिरके गेल्यास टायर बाजूने चेपतो आणि घसरण्याचीही भीती असते. फोर्कमध्ये हवा किंवा स्प्रिंग गरजेपेक्षा कडक लावलेली असेल, तर फोर्कने पचवायचा धक्का टायरला पचवावा लागतो, तेही एकदा तपासून घ्यावे.

ट्रायल्सचे गणित थोडे निराळे आहे. या प्रकारात वेग जवळपास नसतोच. पाय जमिनीला न टेकवता मोठमोठे दगड, लाकडाचे ओंडके, सिमेंटचे ठोकळे यांवरून सायकल उड्या मारत न्यायची असते आणि पाय टेकला की दंडाचा गुण चढतो. या सायकलींना सीट नसते किंवा नावापुरती असते. २० इंची प्रकारात मागचे चाक १९ इंची, पण त्यावरचा टायर पुढच्यापेक्षा बराच जाड असतो, कारण उडीनंतर जवळजवळ सगळा भार एकट्या मागच्या चाकावर उतरतो. दगडाच्या माथ्यावर पकड हवी म्हणून हवा ३० पीएसआयच्या बरीच खाली ठेवतात, म्हणजे पिंच पंक्चरला आमंत्रणच. तिथे बचाव होतो तो मुख्यतः उतरण्याच्या जागेमुळे. चाक ठोकळ्याच्या कडेवर न उतरता कडेच्या आत, सपाट भागावर उतरले तर टायरला क्षेत्रफळ मिळते. अर्धे चाक कडेबाहेर राहिले तर तीच उडी, तेच वजन आणि तीच हवा असूनही ट्यूब चिरते. बाजूला उडी मारून उतरताना चाक थोडे कलते असते, म्हणून ट्रायल्सवाल्यांच्या ट्यूबला बऱ्याचदा एकाच बाजूची चीर दिसते. गुडघे ताठ ठेवून उतरणाऱ्याला कुठलाही टायर वाचवू शकत नाही. शिकणाऱ्याने नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त ठेवून उड्या घोटाव्यात आणि उतरणे मऊ होऊ लागले की हवा उतरवत आणावी. ट्रायल्सच्या रिमच्या तळाला वजन वाचवण्यासाठी मोठी भोके पाडलेली असतात. त्यांवरची पट्टी सरकली तर ट्यूब त्या भोकात फुगून आतल्या बाजूला फाटते आणि तेही पिंच पंक्चरच वाटते. तिथे चिरांची जोडी नसते, एवढे पाहिले की उलगडा होतो.

ट्यूबच नसेल तर चिमटीत सापडणार काय, या साध्या विचारावर ट्यूबलेस टायर उभा आहे. मॅव्हिक, हचिन्सन आणि मिशलिन या कंपन्यांनी १९९९ साली माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसची पद्धत बाजारात आणली, आणि आज बऱ्यापैकी किमतीच्या माउंटन बाइकच्या रिम व टायर ट्यूबलेस करण्याजोगे असतात. सोलापूरसारख्या काटेरी मुलखात त्याचा दुहेरी फायदा आहे : पिंच पंक्चर ट्यूबबरोबरच जाते आणि आतला सीलंट काट्यांची भोके जागच्या जागी बुजवतो. पण दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतो, त्यामुळे मार्च ते जून महिन्यातून एकदा तो तपासावा. चाक कानाजवळ हलवल्यावर आत पातळ द्रव हिंदकळल्याचा आवाज आला नाही तर नवा घालावा. हवा फारच उतरवली तर वळणावर टायरची कड रिमपासून क्षणभर सुटून फुस्सकन हवा निघते. आणि रिम दगडावर आदळणे थांबलेले नसते. जोरदार फटक्याने टायरची भिंतच रिमच्या कडेवर कापली जाऊ शकते, आणि ती जखम सीलंटने भरून येत नाही. ज्यांना वारंवार असे फटके बसतात ते टायरच्या आत फोमचे कडे बसवतात. ते रिम वाचवते, मात्र महाग असते आणि बसवताना घाम काढते.

ट्यूबलेस फाटला म्हणून वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आपल्या भागात एक काम चुकवू नये. कित्येक महिने काटे पचवलेल्या टायरमध्ये आतून हात फिरवला की तुटून राहिलेली बाभळीची टोके जागोजागी लागतात. सीलंटमुळे त्यांचा त्रास तोवर जाणवलेला नसतो. ती सगळी पकडीने उपटून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली, तर हवा भरता भरताच ती चाळण होते. बोटाऐवजी कापडाचा तुकडा फिरवावा. टोक लागले की कापड अडते आणि बोट वाचते.

एक पिंच पंक्चर दगडाशिवायही होते, टायर बसवताना. टायरची कड रिममध्ये ढकलण्यासाठी टायर काढायची पट्टी घातली आणि खाली ट्यूब आली, की घरीच चीर पडते. ट्यूबमध्ये आधी तिला गोल आकार येईल इतकी हवा भरावी, टायर वॉल्वच्या समोरच्या बाजूने बसवायला घेऊन वॉल्वपाशी संपवावा, शेवटचा भाग पट्टीऐवजी तळहातांनीच ढकलावा आणि मग वॉल्व एकदा आत दाबून सोडावा. पूर्ण हवा भरण्याआधी टायर दोन्ही बाजूंनी सरकवत चाकभर पाहावे. कुठेही ट्यूबचा काळा पदर डोकावत असेल तर तिथे ती सापडलेली आहे.

पिंच झालेली ट्यूब फेकायची गरज नसते. दोन चिरा एकमेकींच्या अगदी जवळ असतील तर दोन्ही झाकणारे एकच मोठे ठिगळ लावावे, कारण एकावर एक चढलेल्या ठिगळांच्या कडेतून हवा निसटते. जागा पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी, सोल्यूशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे. उन्हाळ्यात हे थांबणे थोडक्यात आटोपते, पण टाळता येत नाही. त्यानंतर, ट्यूब आत घालण्याआधी, आघात झाला ती रिमची जागा पाहावी. टायरवरची छापील अक्षरे नेहमी वॉल्वच्या जागी जुळवून बसवलेली असतील, तर ट्यूबवरच्या चिरेवरून टायरवरची आणि रिमवरची जागा लगेच सापडते. कडेला बारीक खरवड उठली असेल तर ती पुढच्या ट्यूबला कापणार, म्हणून कानशीने घासून गुळगुळीत करावी. कड आत वाकली असेल तर पान्याने थोडीथोडी सरळ करता येते, आणि रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ती पुरती सरळ झाली की नाही हे ब्रेक दाबल्यावरच्या थरथरीवरून कळते. तडा दिसला तर मात्र ती रिम बदलावीच लागते.